आधी आंघोळ, मग तेल : .२२ पिस्तुलासाठी घरचा अल्ट्रासॉनिक क्लीनर

नरकचतुर्दशीच्या पहाटे आधी अंगाला तेल, मग उटणं, मग कढत पाणी. अल्ट्रासॉनिक क्लीनर, म्हणजे थरथरत्या पाण्यात भाग धुणारं यंत्र. त्यातून निघालेल्या बोल्टचा, म्हणजे पिस्तुलात मागेपुढे सरकणाऱ्या पोलादी तुकड्याचा, क्रम बरोब्बर उलटा: आधी कढत पाणी, मग तेल. हे डोक्यात पक्कं बसायला मला एक गंजलेला बोल्ट खर्ची घालावा लागला. ह्यूस्टनच्या गॅरेजमध्ये रात्री साडेअकराला तो धुतला, टॉवेलवर ठेवला आणि ‘तेल सकाळी लावू’ म्हणून झोपायला गेलो. सकाळी बघतो तर त्यावर कुणीतरी हळदीची बोटं उमटवल्यासारखे नारिंगी डाग. ह्यूस्टनची हवा म्हणजे जुलैतली रत्नागिरी. तिथे तेलाविना उघडं पोलाद एक रात्रही काढत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या, नुकतंच रेंजवर जाऊ लागलेल्या आणि पहिलं पिस्तूल घेतलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण दर दिवाळी पार्टीत ती कुणीतरी विचारतंच. एच-१बी किंवा एफ-१ सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्यांना इथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकारी परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही. राज्याराज्यांचे नियम त्यावर आणखी वेगळे, तेव्हा शंका असेल तर वकिलाला विचारा, पार्टीतल्या काकांना नको.

.२२ इतकं घाण का होतं

उदाहरणाला माझं रुगर मार्क फोर घेतो. नवशिक्यांच्या हातात हे पिस्तूल बरंच दिसतं आणि ते झाडतं .२२ लाँग रायफल, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेलं काडतूस. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य जिंकलं, ते याच काडतुसावर. स्वस्त, आवाजाला मवाळ, धक्का नगण्य. पण घाण म्हणाल तर पोटभर. गोळी शिशाची, बहुतेक वेळा वरून मेणाचा किंवा ग्रीसचा हात फिरवलेली. दारूची काजळी, वितळलेलं मेण आणि शिशाचा कीस यांचा मिळून जो काळा चिकट थर बसतो, तो चिमणीखालच्या कोनाड्यातल्या मेणचटासारखा असतो. कापडाने पुसला तर पसरतो, ब्रशने घासला तर कोपऱ्यात जाऊन बसतो. बोल्टच्या तोंडाशी, एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या) नखाखाली, फायरिंग पिनच्या (काडतुसावर ठोका मारणाऱ्या सळीच्या) भोकात ब्रश पोचतच नाही. क्लीनरचा खरा उपयोग तिथे.

मार्क फोर २०१६ साली आलं. त्याआधीची याच घराण्यातली पिस्तुलं उघडता येत, पण परत जोडताना भलेभले रडकुंडीला येत. मार्क फोरच्या पाठीमागे एक बटण आहे. ते दाबलं की वरचा भाग पुढे कलतो, सुटा होतो आणि बोल्ट मागून सरकत हातात येतो. ‘उगीच कोण उघडणार’ हे निमित्त त्यामुळे संपलं.

यंत्र करतं काय

टाकीच्या तळाला ट्रान्सड्यूसर, म्हणजे विजेवर थरथरणारे तुकडे, चिकटवलेले असतात. घरगुती यंत्रात ते साधारण ४० किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला चाळीस हजार वेळा थरथरतात. त्या थरथरीने पाण्यात डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे तयार होतात आणि लगेच आत कोसळून फुटतात. फुटताना पाण्याची बारीकशी चपराक पृष्ठभागावर बसते आणि मळ सुटतो. जिथे पाणी शिरेल तिथे बुडबुडा शिरतो, ब्रश पोचो न पोचो.

हाच बुडबुडा भोकाभोकांतून जुनं तेलही साफ काढतो, आणि यंत्र विकणारे त्याबद्दल फारसं बोलत नाहीत. बाहेर येतं ते पोलाद कोरडं ठणठणीत, गंजाला आवतण देणारं. मळ काढायचं काम पंधरा-वीस मिनिटांचं, पुढचा तास वाळवणं आणि तेल यांचा. तो तास नसेल तर त्या दिवशी यंत्र लावूच नका, ब्रश आणि चिंधीने भागवा.

खरेदी करायची तर ३ लिटरचं घ्या, हीटर आणि टायमर असलेलं. त्याची टाकी आतून साधारण २४ सेंटिमीटर लांब असते. मार्क फोरचा बोल्ट त्यात आरामात मावतो, उद्या ९ एमएमचं पिस्तूल घेतलंत तर त्याची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भागही, मावेल. चष्मे-अंगठ्यांसाठी मिळणारी छोटी डबी या कामाची नाही.

आणि एकदा त्यात बंदुकीचा भाग गेला की त्या यंत्रात घरातलं दुसरं काही धुवायचं नाही. सासूबाईंची चांदीची निरांजनं नाहीत, मुलाचे दातांचे रिटेनर तर नाहीतच. काडतुसाच्या काजळीत शिसं असतं, आणि लहान मुलांसाठी शिशाची कुठलीच पातळी निर्धोक मानली जात नाही. माझ्या टाकीवर लाल मार्करने ‘फक्त गॅरेज’ असं देवनागरीत लिहिलंय. घरातल्यांना कळतं, तेवढं पुरे.

टाकीत काय घालायचं, काय नाही

नवशिक्याने पहिल्या वेळी फक्त दोन गोष्टी घालाव्यात: बोल्ट आणि रिकामं, सुटं केलेलं मॅगझिन (काडतुसं भरायची डबी). बाकीचं पिस्तूल बाहेरच ठेवा. चापाची यंत्रणा असलेला खालचा सांगाडा तर बुडवूच नका. त्यात बारीक स्प्रिंगा आणि पिना खच्चून भरलेल्या असतात. पाणी आत जाईल, पण परत काढायला तुम्हाला तो पूर्ण खोलावा लागेल.

बाकीच्या भागांना धातू बघून हो-नाही म्हणायचं. मार्क फोरचंच बघा. काही मॉडेल स्टेनलेस पोलादाची, काही ब्ल्यूइंग केलेल्या काळ्या पोलादाची, आणि लाईट मॉडेलचा वरचा रंगीत भाग अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमचा. स्टेनलेस सगळ्यात सोशिक. ब्ल्यूइंग म्हणजे पोलादावर मुद्दाम चढवलेला काळ्या ऑक्साइडचा पातळ थर. आम्लाला तो अजिबात टिकत नाही. अ‍ॅल्युमिनियमचं वैर कडक अल्कलीशी. लाकडी मुठी, रेड डॉट (नेमासाठी लाल ठिपका दाखवणारं उपकरण) किंवा दुर्बीण, ट्रिटियमचे अंधारात चमकणारे साइट (नेमाच्या खुणा), रंगवलेले आकडे, पोपडे सुटलेला निकेलचा मुलामा आणि आजोबांच्या वेळची जुनी बंदूक यांना टाकीपासून लांब ठेवा. लॉकटाइट (स्क्रू घट्ट धरणारा गोंद) लावून बसवलेले स्क्रूही थरथरीने सैल होऊ शकतात.

नळीचं काय? तिला मी टाकीत घालत नाही. आतलं शिसं किंवा तांबं धातूला धरून बसलेलं असतं, ते बुडबुड्यांना दाद देत नाही. तिथे दांडी, ब्रश आणि चिंधीला पर्याय नाही.

भारतातून कुणी एअर पिस्तूलवाले हे वाचत असतील तर त्यांनी हे सगळं सोडून द्यावं. तिथे दारूच नाही, तर काजळी कुठून येणार? आणि हवेच्या दाबाचे भाग व रबरी सील पाण्यात बुडवणं म्हणजे दुखणं विकत घेणं.

द्रव

साधं डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात बंदुकीच्या भागांसाठी बनवलेलं सोल्युशन, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात. दुकानात लायमन, हॉर्नडी अशा कंपन्यांच्या बाटल्या शेजारी-शेजारी असतात: एक बंदुकीच्या भागांसाठी, दुसरी रिकाम्या पितळी पुंगळ्या उजळवण्यासाठी. दिसायला जुळ्या बहिणी, स्वभाव वेगळे. पुंगळ्यांचं सोल्युशन पितळाची चमक काढण्यापुरतं आम्लधर्मी असतं, त्यात काळा बोल्ट घातलात तर तो राखाडी होऊन बाहेर येईल. लेबल दोनदा वाचा.

घरातलं फरशीचं किंवा ओव्हनचं क्लीनर घालायचा मोह होईल. मलाही झाला होता. दुर्बीण बसवायची अ‍ॅल्युमिनियमची काळी पट्टी मी तशा पाण्यात वीस मिनिटं ठेवली, आणि ती जुन्या स्टीलच्या डब्यासारखी फटफटीत होऊन निघाली. रंग परत आला नाही. पट्टी वीसेक डॉलरची होती, थोडक्यात निभावलं.

पेट्रोल, थिनर, अ‍ॅसिटोन, अल्कोहोल यातलं काहीही टाकीत ओतायचं नाही. गरम टाकी, खाली विजेची यंत्रणा आणि वर ज्वालाग्राही वाफ, हे स्फोटाचं साहित्य आहे. इथे ‘थोडंसंच घातलं तर’ असला हिशेब चालत नाही.

अमोनियाबद्दल एक जुनी गोष्ट, आपल्याच मुलखातली. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात साठवून ठेवत. पाऊस सरला की पाहावं तर पितळी पुंगळ्यांना आपोआप तडे. नाव पडलं ‘सीझन क्रॅकिंग’, ऋतूतले तडे. पुढे १९२१मध्ये उलगडा झाला: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया ताणाखालच्या पितळाला चिरतो. नळीतलं तांबं काढणाऱ्या काही द्रवांत आजही अमोनिया असतो. त्याचा वास आला की पितळ दूर ठेवायचं आणि तो द्रव टाकीत मिसळायचा नाही.

आता प्रत्यक्ष काम

१. काडतुसं आधी दुसऱ्या खोलीत ठेवून या. ज्या टेबलावर पिस्तूल उघडणार, त्या टेबलावर एकही जिवंत काडतूस नको, आणि टाकीत तर कधीच नको. मग पिस्तूल सुरक्षित दिशेला रोखून, बोट चापाबाहेर ठेवून, आधी मॅगझिन काढा. त्यानंतर बोल्ट मागे ओढून अडकवा. हा क्रम उलटा झाला तर मॅगझिनमधलं पुढचं काडतूस परत चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी झाडायच्या जागी, सरकू शकतं. चेंबर डोळ्यांनी पाहा, करंगळीने चाचपा, नजर दुसरीकडे फिरवून पुन्हा एकदा पाहा. मला हे अतिरेकी वाटायचं. रेंजवरच्या प्रशिक्षकांनी एकदा शांतपणे विचारलं, “तुम्ही गॅस बंद केलाय का हे किती वेळा बघता?” मी तीन वेळा बघतो.

२. कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे पिस्तूल सुटं करा आणि सुटं करताना फोनवर फोटो काढत चला. स्प्रिंग कुठल्या बाजूने होती हा प्रश्न रात्री दहा वाजता फार मोठा वाटतो. बोल्टच्या आतली फायरिंग पिन पहिल्या वेळी काढू नका. हातात नायट्राइलचे हातमोजे घाला, जवळ चहाचा कप नको. जागा गॅरेजची, स्वयंपाकघराचा ओटा नाही.

३. टाकी खुणेपर्यंत भरा. रिकामी किंवा अर्धवट भरलेली टाकी चालवली तर ट्रान्सड्यूसर आणि हीटर जळतात. तापमान ५० अंश सेल्सियसच्या आसपास लावा. छोट्या हीटरला तीन लिटर पाणी तापवायला पाऊण-एक तास सहज लागतो, म्हणून मी आधी हीटर चालू करतो आणि मग पिस्तूल उघडायला बसतो. अंदाजाने जास्त गरम केलं तर जास्त साफ, असं काही नसतं. पाणी फार तापलं की बुडबुड्यांचा जोर उलट कमी होतो.

४. भाग न घालता यंत्र पाच-दहा मिनिटं चालवा. ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते आणि ती बुडबुड्यांचा मार गिळून टाकते. याने ती निघून जाते. यंत्र नवीन असेल तर एक पारख करून बघा: पोळ्या गुंडाळायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा पाण्यात उभा धरून मिनिटभर यंत्र चालवा. बाहेर काढल्यावर त्यावर सगळीकडे सारखी टोचल्यासारखी छिद्रं दिसली पाहिजेत. एका बाजूला काहीच नसेल तर यंत्र तिथे लंगडं आहे. चालू टाकीत बोटं घालायची नाहीत, फॉइल वरच्या टोकाला, पाण्याबाहेर धरा. ते पाणी गाळून घ्या, फॉइलचा चुरा बोल्टच्या भोकात गेलेला नको.

५. सुका मळ आधी ब्रशने झाडा. मग भाग जाळीच्या टोपलीत, एकमेकांना न टेकता. थेट तळावर ठेवलात तर थरथरीने टाकीचा तळ खरवडतो आणि भागावरही ओरखडे येतात. झाकण लावा, शिशाचे तुषार नाकात जायला नकोत. आठ मिनिटं चालवा, बंद करा, बोल्ट उलटा करा, पुन्हा आठ मिनिटं. पहिल्या मिनिटातच भोकांतून काळे धूर निघाल्यासारखं दिसतं. नवीन माणसाने ते बघत उभं राहावं, मीही अजून राहतो. पण साफ दिसल्यावर ‘आणखी अर्धा तास’ करू नका. मळ संपला की बुडबुडे लेपावर काम करू लागतात.

सोल्युशन वाचवायची एक युक्ती आहे. टाकीत नुसतं पाणी भरा, काचेच्या बरणीत सोल्युशन आणि भाग घाला, आणि बरणी टोपलीत उभी करा. लहरी काचेतून जातात. टाकीही स्वच्छ राहते आणि नंतर टाकायला घाण पाणी बरणीभरच उरतं.

६. काढल्याबरोबर एका बादलीत गरम डिस्टिल्ड पाण्याने विसळा. गरम अशासाठी, की भाग तापतो आणि पाणी स्वतःच उडू लागतं. नळाच्या पाण्याने क्षारांचे पांढरे ठिपके राहतात.

७. आता घड्याळ सुरू. पुसा, हेअर ड्रायरने किंवा दाबाच्या हवेने फायरिंग पिनच्या भोकातलं, एक्स्ट्रॅक्टरखालचं, स्प्रिंगच्या वेटोळ्यातलं पाणी उडवा. वाटतं वाळलं, म्हणून एकदा कागदावर आपटून बघा. ओला ठिपका उमटला तर परत हवा मारा. लपलेलं पाणी हुसकायला डब्ल्यूडी-४० चांगलं. नावातलं डब्ल्यूडी म्हणजे ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’, पाणी हटवणं, हेच त्याचं मूळ काम. मात्र ते शेवटचं तेल नव्हे. ते पुसून काढा.

८. मग तेल. बंदुकीचं सीएलपी तेल (साफ करणारं, वंगण देणारं आणि गंज रोखणारं) एका पसरट डब्यात घेऊन बोल्ट त्यात दहा मिनिटं लोळवला तरी चालतं. गेलेलं सगळं तेल भोकाभोकांत परत गेलं पाहिजे. नंतर निथळू द्या आणि पुसत पुसत असं करा, की बोट फिरवल्यावर ओशट लागेल पण थेंब दिसणार नाही. बोल्ट जिथे घासत मागेपुढे जातो तिथे एकेक थेंब राहू द्या. फायरिंग पिनच्या भोकातलं जास्तीचं तेल हवेने उडवून टाका, कारण तिथे तेल साचलं की पुढच्या काजळीचा तिथेच चिखल होतो आणि पिन मंद मारते. मॅगझिनच्या आत तेल जवळजवळ नकोच, ओशट मॅगझिन धूळ ओढून घेतं.

९. जोडण्याआधी नळीतून कोरडी चिंधी आरपार काढा आणि उजेडाकडे धरून आत काही अडकलेलं नाही ना ते पाहा. जोडल्यावर मॅन्युअलमध्ये दिलेली तपासणी पिस्तूल रिकामं असल्याची पुन्हा खात्री करून करा. रिमफायर पिस्तुलात (ज्यात पिन काडतुसाच्या कडेवर मारते, .२२ त्यातलंच) उगाच रिकामा चाप ओढत बसायची सवय लावून घेऊ नका.

उरलेलं काळं पाणी

ते सिंकमध्ये, गटारात किंवा परसातल्या तुळशीजवळ ओतायचं नाही. टाकीतलं आणि विसळलेलं, दोन्ही पाण्यांत शिसं आहे. झाकणाच्या डब्यात भरा, वर लिहा आणि काऊंटीच्या घरगुती घातक कचरा केंद्रात नेऊन द्या. बऱ्याच ठिकाणी हे फुकट घेतात, फक्त त्यांचे दिवस ठरलेले असतात. काजळीच्या चिंध्या आणि हातमोजेही तिथेच विचारून द्या. मग साबणाने हात धुवा, शर्ट बदला आणि त्यानंतर मुलांना जवळ घ्या.

किती वेळा?

दर वेळी रेंजवरून आल्यावर नको. त्या दिवशी ब्रश, चिंधी, थेंबभर तेल, दहा मिनिटांत विषय संपला. बोल्ट रेंगाळू लागला, पुंगळी बाहेर पडायला कुरकुर करू लागली किंवा हजारभर काडतुसं झाली, की यंत्र बाहेर काढायचं. मी वर्षातून दोनदा काढतो. त्यातला एक मुहूर्त खंडेनवमीच्या आदल्या शनिवारी. वडील गावी त्या दिवशी विळे-कोयत्यांना धार लावून तेलाचा हात द्यायचे, पूजेच्या पाटावर गंजलेलं हत्यार त्यांना चालत नसे. यंदा बोल्ट तेलातून काढला तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मला सात वाजता मीटिंग होती. तरीही मॅगझिनची स्प्रिंग हातात घेऊन पुन्हा कागदावर आपटली. ओला ठिपका उमटला. ड्रायर परत लावला.